कवटीच्या मोजमापावरील आक्षेपांना उत्तर

नाकाच्या आतून, दुर्बिणीच्या साहाय्याने सायनसची शस्त्रक्रिया करण्यापूर्वी रुग्णाच्या सीटी-चित्रांवर कवटीच्या तळाची आणि सायनसच्या भिंतींची मोजमापे घ्यावीत, ती मिलिमीटरांत लिहून ठेवावीत आणि त्या लेखी नोंदीवरून शस्त्रक्रियेचा आराखडा करावा, या आग्रहाविरुद्ध आमच्याच व्यवसायातील काही ज्येष्ठ आणि आदरणीय मंडळींकडून जे वारंवार बोलले जाते, त्याचा मुद्देसूद विचार करणे आता प्राप्त झाले आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: ज्याने आयुष्यभर नाके आतून पाहिली त्याच्या नजरेला पट्टीची गरज नसते, क्ष-किरणतज्ज्ञाचा अहवाल हाताशी असताना शस्त्रवैद्याने पुन्हा मोजत बसणे हा निव्वळ कालापव्यय होय, खाचेची खोली, धमनीचे अंतर वगैरे आकडे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत शोभून दिसतात, टेबलावरच्या रुग्णाला त्यांचा उपयोग नाही, आणि अशा मोजमापाने अपघात कमी होतात याचा पुरावा तरी कोणी दिला आहे? हे आक्षेप अनुभवी माणसांचे आहेत, त्यामुळे त्यांना अनुभवाचा अनादर करून उत्तर देता येणार नाही. परंतु ते चुकीचे आहेत. आणि या चुकीची किंमत ज्याला मोजावी लागते तो माणूस त्या वेळी भुलीखाली निपचित पडलेला असतो, हे ध्यानात घेता सौजन्यापोटी गप्प बसणे मला शक्य नाही.

मागच्या पिढ्यांनी सीटीवाचून शस्त्रक्रिया केल्याच की, हा दाखला सर्वांत आधी पुढे केला जातो. पण त्या पिढ्यांची स्वतःची साक्ष काय आहे? बोस्टनचे हॅरिस मोशर हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील या विद्येचे एक थोर आचार्य. मृतदेहांच्या विच्छेदनाने इथमॉइड सायनसच्या चक्रव्यूहाची रचना त्यांनी जितकी बारकाईने अभ्यासली तितकी त्यांच्या काळात फार थोड्यांनी अभ्यासली असेल. त्याच मोशरांनी १९२९ मध्ये असा इशारा दिला की नाकातून केलेली इथमॉइडची शस्त्रक्रिया तत्त्वतः सोपी असली तरी व्यवहारात ती रुग्णाचा जीव घेण्याच्या अत्यंत सोप्या मार्गांपैकी एक ठरली आहे. ज्यांच्यापाशी नजर होती त्यांनीच नजरेच्या भरवशाबद्दल दिलेला हा जबाब आहे, आणि त्यानंतरची कित्येक दशके अनेक सावध शस्त्रवैद्य नाकातून जाण्याऐवजी चेहऱ्यावर छेद घेऊन बाहेरून जाणे पसंत करीत राहिले. नाकातला मार्ग पुन्हा प्रशस्त झाला तो ग्रात्सच्या मेसरक्लिंगर यांनी दुर्बिणीने केलेल्या निरीक्षणांमुळे. आणि सीटीचे जनक हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर १९७१ साली लंडनच्या एका रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या डोक्याचे छेदचित्र निघाल्यानंतर, बाल्टिमोरमध्ये डेव्हिड केनेडी आणि त्यांचे क्ष-किरणतज्ज्ञ सहकारी झिनराइक यांनी १९८० नंतरच्या दशकात सायनसची उभी छेदचित्रे शस्त्रक्रियेच्या पूर्वतयारीचा भाग केल्यामुळे. म्हणजे आज आपण जिला आपली शस्त्रक्रिया म्हणतो ती दुर्बीण आणि सीटी या दोहोंच्या पोटी जन्मली आहे. त्यांपैकी एकीचा पूर्ण उपयोग करावा आणि दुसरीकडे केवळ दृष्टी टाकून पुढे जावे, याला परंपरेचा आधार मुळीच नाही.

धोका नेमका कोठे आहे हे सांगितल्यावाचून मोजमापाचे मोल ध्यानी येणार नाही. दोन डोळ्यांच्या मधोमध, नाकाच्या अगदी माथ्याशी, चाळणीसारखी सच्छिद्र अशी हाडाची अरुंद पट्टी आहे. तिच्या छिद्रांतून गंधाच्या नसा मेंदूकडे जातात. ही पट्टी दोन्ही बाजूंच्या इथमॉइड सायनसच्या छताहून खालच्या पातळीवर असते, त्यामुळे तिच्यावर मेंदूच्या बाजूने एक खाच तयार होते, आणि त्या खाचेची बाहेरची उभी भिंत ही कवटीच्या तळातील सर्वांत दुबळी जागा होय. इथमॉइडचे छत सुमारे अर्धा मिलिमीटर जाड असेल, तर ही भिंत ०.०५ ते ०.२ मिलिमीटर, म्हणजे कोंबडीच्या अंड्याच्या कवचाहूनही पातळ. तिच्या एका अंगास मेंदूचे आवरण, दुसऱ्या अंगास शस्त्रवैद्याचे हत्यार. झाग्रेबचे शारीरविद् प्रेड्राग केरोस यांनी कवट्यांवर या खाचेची खोली मोजून १९६२ मध्ये तिचे तीन वर्ग प्रसिद्ध केले: १ ते ३, ४ ते ७ आणि ८ ते १६ मिलिमीटर. खाच जितकी खोल तितकी ती पातळ भिंत उंच, आणि तितकी ती हत्याराच्या वाटेत अधिक उघडी. याच छताच्या आश्रयाने पुढची इथमॉइड धमनी डोळ्याच्या खोबणीतून निघून नाकाच्या माथ्याकडे जाते. कोणाची ती हाडात संपूर्ण दडलेली असते, तर कोणाची छतापासून काही मिलिमीटर खाली, सायनसची पोकळी उघडीच ओलांडते. ती तुटून तिचे टोक खोबणीत आकसले तर तेथे रक्त साठते, दाब वाढतो, आणि तास-दीड तासांच्या आत तो उतरवला नाही तर दृष्टिपटल कायमचे निकामी होऊ शकते. आणखी मागे, स्फेनॉइड सायनसच्या बाहेरच्या भिंतीत वर दृष्टीची नस आणि तिच्याखाली मेंदूला रक्त पुरवणारी कॅरोटिड धमनी. कधी कधी सायनसमधला हाडाचा पडदा थेट त्या धमनीच्या आवरणालाच चिकटलेला असतो, आणि तो पिरगाळून काढणाऱ्याच्या हाती पडद्याबरोबर धमनीची भिंतही येऊ शकते. बुडापेस्टच्या ओनोदी यांनी शतकापूर्वी वर्णिलेली मागची इथमॉइड पेशी जर स्फेनॉइडच्या वर पसरलेली असेल, तर दृष्टीची नस अपेक्षेच्या कितीतरी अगोदर आणि भलत्याच पोकळीत समोर उभी राहते.

हे सर्व सीटी-चित्रात दिसते, मग मोजायचे कशाला, असे प्रतिपक्ष विचारतो. मोजायचे अशासाठी की डोळा आकारांची ओळख पटवण्यात निष्णात असला तरी परिमाणाच्या बाबतीत तो आजूबाजूच्या संदर्भाने सहज फसतो, आणि येथे ३ आणि ५ मिलिमीटर यांतला फरक हा दोन निरनिराळ्या शस्त्रक्रियांमधला फरक असतो. एक उदाहरण घेऊ. रुग्णाचे डोके यंत्रात १० अंशांनी एका बाजूस कलले, आणि खाचेचा तळ व इथमॉइडचे छत यांच्या मोजणीच्या बिंदूंमध्ये ६ मिलिमीटर आडवे अंतर असले, तर दोन्ही बाजूंस वस्तुतः ४ मिलिमीटर असलेली खोली चित्रात एका बाजूस जवळजवळ ५ आणि दुसऱ्या बाजूस ३ हूनही थोडी कमी भरेल. हा साध्या त्रिकोणमितीचा हिशेब आहे, कोणीही कागदावर करून पाहावा. एकच समतोल कवटी, पण केरोसच्या वर्गीकरणात तिची एक बाजू पहिल्या वर्गात आणि दुसरी दुसऱ्या वर्गात पडेल.

प्रतिपक्षाने हाच हिशेब माझ्यापुढे मोजमापाविरुद्धचा दाखला म्हणून ठेवला, तर माझे उत्तर असे की कललेल्या डोक्याने पट्टी जितकी फसते तितकीच नजरही फसते; अंतर इतकेच की पट्टीची चूक आकड्याच्या रूपाने कागदावर राहते आणि दुसऱ्या कोणास पकडता येते, नजरेची चूक मागे काहीच पुरावा ठेवीत नाही. शिवाय पट्टीच्या चुकीला उपाय आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचे सलग छेद घेतलेले असले की संगणकावर तेच चित्र तिन्ही प्रतलांत फिरवून सरळ करता येते: टाळूचे कठीण हाड आडव्या रेषेत, दोन्ही गालांच्या कमानी एका पातळीत, दोन्ही खोबण्यांच्या कडा समोरासमोर. या कामी नाकाच्या मधल्या पडद्यास मात्र कधीही प्रमाण धरू नये, कारण तो बहुतेकांचा वाकडाच असतो आणि त्याच्या आधारे सरळ केलेली कवटी वाकडी होऊन बसते. असे चित्र सरळ करून मगच मोजावे. ज्याला हे करायला वेळ नाही त्याने मोजू नये हे मला मान्य आहे. पण मग त्याने खाचेच्या खोलीविषयी काही ठाऊक असल्याचा दावाही करू नये.

याहून विद्वत्तेचा एक आक्षेप क्ष-किरणशास्त्राच्या बाजूने येतो, आणि तो मी आदराने ऐकतो. सीटी-चित्राचा लहानात लहान घटक साधारणपणे अर्ध्या मिलिमीटरच्या घरातला, त्या एका घटकात हाड, हवा आणि श्लेष्मल त्वचा तिन्ही आली तर यंत्र त्यांची सरासरी काढून एकच करडी छटा दाखवते, म्हणून ०.१ मिलिमीटरची भिंत कधी चित्रातून नाहीशी होते आणि कधी आहे त्याहून जाड भासते. यावरून, सगळेच आकडे खोट्या अचूकतेचे आहेत असा निष्कर्ष काढला जातो. आधारविधान संपूर्ण खरे आहे आणि निष्कर्ष त्यातून निघत नाही. त्या भिंतीची जाडी सीटीवर मोजावी असे कोणताही जाणता माणूस म्हणणार नाही, आणि चित्रात भिंत तुटलेली दिसली म्हणून तेथे छिद्र आहे असे शेऱ्यात लिहिणेही गैर. पण आपण मोजतो ती जाडी नव्हेच. आपण मोजतो ती भिंतीची उंची, तिचा कोन, धमनीचे छतापासूनचे अंतर, डोळ्याच्या खोबणीच्या तळापासून मागच्या इथमॉइडच्या छतापर्यंतची उंची. ही परिमाणे काही मिलिमीटरांपासून काही सेंटिमीटरांपर्यंतची आहेत, आणि त्यांत अर्ध्या-एक मिलिमीटरची चूक धरूनही निर्णय बदलण्याइतका अर्थ उरतो. दशांशाच्या पुढचे आकडे लिहू नयेत एवढीच शिस्त त्यासाठी पाळावी लागते. मागच्या इथमॉइडची ती उंची तर मी सर्वांत महत्त्वाची मानतो, कारण कवटीचा तळ पुढून मागे उतरत जातो, आणि गालाचा सायनस जितका मोठा व वरपर्यंत चढलेला तितकी त्याच्या माथ्याच्या आणि मेंदूच्या मधली जागा कमी; काही रुग्णांत ती विलक्षण आखूड असते. पुढच्या भागात मिळालेल्या सैल जागेच्या भरवशावर त्याच उंचीने मागे सरकणारे हत्यार अशा वेळी सरळ छतात शिरते.

आता अहवालाकडे वळू. क्ष-किरणतज्ज्ञ अहवाल देतात, तो वाचला की काम झाले, ही समजूत आमच्याकडे इतकी रूढ आहे की तिचा उगम कोणी तपासत नाही. अहवाल सामान्यतः रोगाचा असतो: कोणता सायनस भरला आहे, कोठे सूज आहे, पडदा कोणत्या बाजूस वळला आहे. व्हॅलरी लुंड आणि इयन मॅके यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेली, जगभर प्रचलित असलेली गुणपद्धतीही रोगाचेच मापन करते. प्रत्येक सायनसला ०, १ किंवा २ गुण, सायनसच्या निचऱ्याच्या मार्गाला ० किंवा २, दोन्ही बाजू मिळून एकूण २४. चोवीसपैकी चोवीस गुण मिळालेल्या रुग्णाची खाच २ मिलिमीटर खोल असू शकते आणि ४ गुण मिळालेल्याची ९. रोग किती आहे यावरून शस्त्रक्रिया करावी की नाही हे ठरते. ती करताना मेंदू किती दूर आहे हे निरोगी हाड सांगते, आणि त्या निरोगी हाडाची वास्तपुस्त अहवालात सहसा नसते. यात क्ष-किरणतज्ज्ञांचा दोष मला दिसत नाही. त्यांच्याकडे जाणाऱ्या चिठ्ठीवर आम्हीच 'सायनसचा सीटी' एवढे दोन शब्द लिहून मोकळे होतो. चाळणीची पट्टी, खोबणीची कागदासारखी भिंत, ओनोदी पेशी, स्फेनॉइड आणि पुढची इथमॉइड धमनी या पाच गोष्टी प्रत्येक अहवालात पाहाव्यात अशी स्मरणसूची अलीकडे त्यांच्याच क्षेत्रातील लोकांनी केली आहे; आम्ही मागितली तर ती भरून मिळेल. तरीही ज्याच्या हातात हत्यार असणार त्याने चित्र स्वतः फिरवून, स्वतः मोजून पाहावे, कारण मोजता मोजता कवटीचा जो परिचय मनात ठसतो तो दुसऱ्याने लिहून दिलेल्या आकड्याने ठसत नाही.

येथपर्यंत मी मोजमापाची बाजू मांडली. आता तिचा जो गैरवापर होतो त्याचाही समाचार घेणे न्यायाचे होईल, कारण प्रतिपक्षाला बळ मिळते ते त्यातूनच. सरासरीवर शस्त्रक्रिया करण्याची एक जुनी सवय आहे. नाकाच्या पुढच्या काट्यापासून स्फेनॉइडचे द्वार ७ सेंटिमीटरवर, तळाशी ३० अंशांच्या कोनात, हे पाठ्यपुस्तकातले सूत्र प्रत्येक विद्यार्थी मुखोद्गत करतो. ठेंगण्या स्त्रीच्या, बारा वर्षांच्या मुलाच्या आणि धिप्पाड पुरुषाच्या नाकात एकच सूत्र लावणे याला मोजमाप म्हणता येणार नाही. ते मोजमापाच्या नावाखाली केलेले अनुमान आहे. केरोसच्या वर्गांचेही असेच झाले. त्यांनी कवट्यांवर सलग बदलणारी खोली तीन कप्प्यांत बसवली ती वर्णनाच्या सोयीसाठी. आता 'दुसरा वर्ग' एवढे म्हणून निश्चिंत होणारे लोक भेटतात. गेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये त्या पातळ भिंतीचा आडव्या रेषेशी होणारा कोन मोजून दाखवून दिले की खोली बेताची असूनही तो कोन ४५ अंशांहून कमी, म्हणजे भिंत अधिक आडवी झुकलेली असेल तर तिचा फार मोठा भाग हत्याराच्या वाटेत येतो. म्हणजे पहिल्या वर्गाची, सुरक्षित समजली जाणारी खाच धोकादायक असू शकते. आपल्याकडे बहुसंख्य लोक दुसऱ्या वर्गात पडतात असे सांगणारे निबंध पुष्कळ निघाले, पण बहुसंख्यांत समोरचा रुग्ण आहे की नाही हे त्यांपैकी एकही निबंध सांगू शकत नाही.

या संदर्भात मला इरावतीबाई कर्वे यांच्या तरुणपणीच्या कामाचे स्मरण होते. मराठी वाचक त्यांना ललित निबंधांच्या आणि 'युगान्त'च्या लेखिका म्हणून ओळखतो. परंतु १९२७ नंतर बर्लिनमध्ये, ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली, त्यांनी डॉक्टरेटसाठी जे संशोधन केले ते मानवी कवटीच्या स्वाभाविक असमतोलाविषयीचे होते. त्यांच्या मार्गदर्शकाची अपेक्षा अशी की कवटीच्या दोन बाजूंतील फरकाचा वंशाशी संबंध सापडावा. इरावतीबाईंनी निरनिराळ्या भूभागांतील कवट्या दोन्ही बाजूंनी मोजल्या आणि तसा संबंध सापडत नाही असे लिहून दिले. त्या मोजमापामागे शस्त्रक्रियेचा हेतू नव्हता, हे खरे. पण कवटीच्या दोन बाजू सारख्या नसणे ही मनुष्यमात्राची प्रकृती आहे आणि त्या असमतोलाचा अंदाज माणसाच्या जातकुळीवरून बांधता येत नाही, हे त्यांनी हातात कवटी घेऊन सिद्ध केले. माझ्या विषयापुरता याचा अर्थ सरळ आहे. उजवी बाजू सुखरूप पार पडली म्हणून डावी तशीच असेल हे गृहीत धरण्याचा अधिकार कोणासही नाही, आणि दोन्ही बाजूंचा मिळून एक आकडा लिहिणारी नोंद न लिहिलेल्या नोंदीइतकीच निरुपयोगी आहे.

दिशादर्शक यंत्रणा आली, आता मोजमापाची कटकट संपली, असे म्हणणाऱ्यांना मी फार वेळ देणार नाही. हत्याराचे टोक सीटी-चित्रात कोठे आहे हे ती यंत्रणा दाखवते, पण त्या दाखवण्यात २ मिलिमीटरपर्यंतची तफावत चालू शकते असे तिचे पुरस्कर्तेही मानतात. आणि ज्या भिंतीबद्दल आपण बोलत आहोत तिच्या जाडीच्या तुलनेत २ मिलिमीटर म्हणजे पलीकडचा मेंदू. शिवाय महाराष्ट्रातल्या जिल्ह्याच्या गावी सीटी-यंत्र आहे, तेथे बहुतेक ठिकाणी ही यंत्रणा नाही, आणि शस्त्रक्रिया मात्र तेथेही होतात.

राहिला पुराव्याचा प्रश्न, जो सर्वांत वजनदार म्हणून शेवटी फेकला जातो. अमेरिकेतील ६२,८२३ रुग्णांच्या नोंदींवरून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मेंदूभोवतीचा द्रव नाकात गळण्याचे प्रमाण ०.१७ टक्के आणि डोळ्याच्या खोबणीला इजा होण्याचे ०.०७ टक्के आढळले. इतक्या विरळ अपघाताचे प्रमाण मोजमापाने निम्म्यावर येते हे चाचणीने सिद्ध करायचे झाले, तर संख्याशास्त्राच्या नेहमीच्या निकषांनी मोजणाऱ्यांच्या आणि न मोजणाऱ्यांच्या अशा दोन्ही गटांत प्रत्येकी सत्तावीस हजारांहून अधिक रुग्ण लागतील. अशी चाचणी कोणी केलेली नाही आणि होण्याची शक्यताही दिसत नाही. जो पुरावा मिळवणेच जवळजवळ अशक्य आहे त्याच्या अभावाचे भांडवल करून एक निरुपद्रवी सावधगिरी टाळणे हे मला वैज्ञानिक वृत्तीचे लक्षण वाटत नाही. निरुपद्रवी म्हणतो ते जाणूनबुजून: सीटी तर आधीच काढलेला असतो, त्यावर मोजल्याने रुग्णाच्या अंगावर किरणांचा एक कणही जास्त पडत नाही, आणि एक रुपयाही अधिक लागत नाही. उलट, ०.१७ टक्के ही सर्वांची सरासरी आहे. ८ मिलिमीटर खोल खाचेच्या आणि आखूड छताच्या रुग्णाचा धोका तेवढाच आहे असे मानायला काय आधार?

खरी अडचण निराळीच आहे आणि ती कोणी उघडपणे बोलत नाही. रुग्ण मोठ्या लिफाफ्यातून फिल्म आणतो. त्यावर वीस-पंचवीस छोटी चौकटीबद्ध चित्रे असतात, ती खिडकीच्या उजेडाकडे धरून पाहिली जातात, आणि त्या छापील चित्रांवर काहीही मोजणे अशक्य असते, कारण ती तंत्रज्ञाने निवडलेली असतात, शस्त्रवैद्याने नाही. त्याच लिफाफ्यात एक सीडी असते. ती सहसा उघडली जात नाही. तिच्यातील सलग छेद वाचणारे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. शिक्षणसंस्थांच्या रुग्णालयांत निवासी डॉक्टरांकडून ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी हे काम करवून घेण्यास कोणती हरकत आहे, हे मला आजवर कोणी सांगू शकलेले नाही. दोन्ही बाजूंची खाचेची खोली आणि भिंतीचा कोन, मागच्या छताची उंची, धमनीचे अंतर, ओनोदी पेशी आहे की नाही, स्फेनॉइडमधला पडदा कोठे टेकला आहे आणि स्फेनॉइडचे द्वार नाकाच्या पुढच्या काट्यापासून किती अंतरावर आहे, एवढी नोंद कोणत्या छेदावरून घेतली त्या क्रमांकासह आणि मोजणाऱ्याच्या सहीनिशी केसपेपरात असावी, म्हणजे दुसऱ्याला ती पडताळता येईल. आणि ती रुग्णाने संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी तयार असावी. कारण उजवीकडे ३ आणि डावीकडे ८ मिलिमीटर ही गोष्ट ज्याच्या कवटीतली आहे त्याला ती सहीच्या आधी कळली पाहिजे, आणि डाव्या बाजूपुरते काम अधिक अनुभवी हाताकडे सोपवावे काय, हे विचारण्याची मुभाही त्याला तेव्हाच मिळाली पाहिजे.